पंखे फिरतात, लाइट लागतात, पण स्क्रीन काळीच: परत परत येणारा 'नो डिस्प्ले'

बटण दाबलं की कॅबिनेटचे पंखे फिरतात, मदरबोर्डाचे लाइट लागतात, प्रोसेसरचा पंखा पण व्यवस्थित फिरतोय, आणि मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल' येऊन तो झोपी जातो. रिसेट दाबा, बंद करून चालू करा, तेच. मग कोणीतरी सांगतं रॅम काढून परत लाव, लावली की पीसी चालू होतो, आपण खूश, आणि वीस दिवसांनी सकाळी परत तीच काळी स्क्रीन. रिपेअरवाले याला सरळ 'नो डिस्प्ले' म्हणतात. मी स्वतःसाठी, घरच्यांसाठी, मित्रांसाठी बरेच पीसी असेंबल केलेत आणि हा एकच फॉल्ट इतक्या वेळा शोधलाय की त्याचा क्रम आता हातात बसलाय, तो इथे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं नीट बघा, कारण काळी स्क्रीन पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी येते

हा लेख कोणासाठी: पंखे सतत फिरतायत पण कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नाही. किंवा पंखे दोन-चार सेकंद फिरतात, थांबतात, परत फिरतात, असं दोन-तीनदा होऊन मग एकदाचं चालू होतं. किंवा रोज पहिल्या वेळी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येतं. किंवा कॅबिनेट हलवलं, साफ केलं, टेबल बदललं आणि त्यानंतर सुरू झालं.

यात न बसणारी लक्षणं: बटण दाबून काहीच होत नाही, एकही पंखा हलत नाही, तर तो सप्लायचा किंवा बटणाचा प्रश्न, तिथून सुरुवात करा. लोगो दिसतो आणि विंडोज लोड होताना स्क्रीन काळी होते, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बघा, कॅबिनेट उघडू नका. फक्त स्लीपमधून उठताना काळी होते आणि बाकी वेळ सगळं ठीक, तो पण वेगळा विषय आहे.

आणि एक गोष्ट घाबरलेल्यांसाठी. तुमचे फोटो, फाइल्स, अर्धवट प्रोजेक्ट, हे सगळं एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर आहे आणि हा फॉल्ट जवळजवळ कधीच तिथला नसतो. डेटा गेला असं समजून घाईत काही करू नका, घाईतच जास्त नुकसान होतं.

रॅम काढून लावली की चालू होतं, मग रॅमच खराब ना?

नाही, तसं ठरवता येत नाही, आणि हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रॅम काढून परत लावताना आपण एकाच वेळी चार-पाच गोष्टी करत असतो. प्लग काढतो त्यामुळे बोर्डात राहिलेला चार्ज निघून जातो. स्टिकचे सोनेरी कॉन्टॅक्ट स्लॉटमध्ये घासले जातात. स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली तर बोर्ड मेमरी नव्याने तपासतो. हात आत गेला की शेजारची २४ पिनची जाड वायर हलते. आणि या सगळ्यात दहा मिनिटं जातात. पीसी चालू झाला, पण यातल्या कुठल्या गोष्टीने झाला ते कळलंच नाही, म्हणून तो फॉल्ट परत येतो. एका वेळी एकच बदल करायचा, मग चालू करून बघायचं, आणि काय केलं ते तारखेसकट कागदावर लिहायचं. कंटाळवाणं आहे पण अधूनमधून येणारा फॉल्ट दुसऱ्या कुठल्याही मार्गाने सापडत नाही, कारण महिन्याभराने मागच्या वेळी नक्की काय केलं होतं ते कोणालाच आठवत नाही.

सगळ्यात आधी: थांबा आणि कॅप्स लॉक दाबा

खरंच थांबा. नवीन डीडीआर५ च्या मशिनवर, खास करून एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर, पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन पूर्ण काळी राहू शकते. रॅम जास्त असेल तर अजून वेळ लागतो. लोक वीस सेकंद वाट बघून बटण दाबून बंद करतात, ट्रेनिंग अर्धवट राहतं, परत पहिल्यापासून सुरू होतं, परत बंद करतात, आणि शेवटी बोर्डच खराब आलाय असं ठरवतात. रॅम बदलली, बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डातलाच प्रोग्राम) अपडेट केलं, सीमॉस क्लिअर केलं म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ केली, की हे ट्रेनिंग परत होतं. मी दहा-पंधरा मिनिटं हात लावत नाही.

तेवढा वेळ गेला की कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा लाइट लागत-विझत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचत नाहीये. लाइट हलतच नसेल तर मशीन सुरुवातीच्या तपासणीतच अडकलंय. फुकटात होणारी एवढी उपयोगी चाचणी दुसरी नाही, यातून अर्धं काम कमी होतं.

मॉनिटर आणि केबल

कॅप्स लॉक चालतंय तर इथेच शोधा. मॉनिटरचा इनपुट एचडीएमआयवर आहे आणि केबल डिस्प्लेपोर्टला लावलीय, असं सर्रास होतं. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लागली पाहिजे, वर मदरबोर्डाला नाही. पाठीमागून अंदाजाने केबल लावताना हे फार होतं. उलट बाजूने, कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टवर बघायचं असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ असतो त्यात ते नसतं, रायझन ५६०० सारख्या एएम४ च्या बऱ्याच प्रोसेसरांत नसतं, तिथे बोर्डाच्या एचडीएमआयला काही दिसणारच नाही. म्हणजे बोर्ड मेलेला नाही.

डिस्प्लेपोर्टबद्दल थोडं सविस्तर, कारण हे फार कमी लोक तपासतात. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नेहमीच्या केबलमध्ये ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसावी असं स्टँडर्ड सांगतं. काही हलक्या केबलमध्ये ती जोडलेली असते. मग पीसी बंद असतानाही मॉनिटरकडून कार्डात थोडा करंट घुसत राहतो आणि सुरू होताना मशीन गडबडतं. मी एका पीसीवर रॅम, एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा डबा), सगळं बदलून पाहिलं होतं आणि शेवटी मॉनिटरची केबल काढून पीसी चालू केला तर दर वेळी व्यवस्थित चालू व्हायला लागला. तेव्हापासून मी केबल दुसरी लावून बघणं हे वरच घेतलंय. शक्यतो एचडीएमआयची केबल लावून बघा, तो पूर्ण वेगळा मार्ग आहे. तसंच मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची एनव्हिडियाची कार्डं, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० सिरीज वगैरे, नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरवर विंडोज येईपर्यंत काळी राहायची, त्यासाठी एनव्हिडियाने २०१८ मध्ये कार्डाचं फर्मवेअर अपडेट काढलं होतं. जुनं कार्ड आणि नवा मॉनिटर अशी जोडी असेल तर ते बघाच.

सगळं काढा, चार्ज काढा

पीसी बंद करा, मागचं एसएमपीएसचं स्विच बंद, प्लग भिंतीतून काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. नुसतं बंद केलेल्या पीसीत बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय चालूच असतो, त्यामुळे एखादी चिप अडकली असेल तर ती तशीच अडकलेली राहते. प्लग काढल्यावरच ती खऱ्या अर्थाने बंद होते. हे एवढं करून दर वेळी पीसी चालू होत असेल तर लिहून ठेवा, कारण मग रॅम काढायची गरजच नव्हती आणि संशय सप्लाय, बायोस किंवा बाहेरून लावलेल्या एखाद्या वस्तूवर जातो.

चालू करताना फक्त कीबोर्ड आणि मॉनिटर ठेवा. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, हब, प्रिंटर, कंट्रोलर, सगळं काढा. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये मोबाइलच्या टॉर्चने बघा. आतली प्लास्टिकची पट्टी तुटून पिना एकमेकींना चिकटलेल्या मी दोनदा पाहिल्यात. तो शॉर्ट सरळ मदरबोर्डापर्यंत जातो आणि कधी कधी मशीन वर येतच नाही. तसं दिसलं तर पुढच्या यूएसबीची वायर बोर्डावरून काढून टाका.

बोर्ड स्वतः काय सांगतोय

बऱ्याच बोर्डांवर कडेला चार बारीक एलईडी असतात, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असं छापलेलं असतं. चालू करताना ते एकामागून एक लागून विझतात, जो लागून राहतो तिथे गाडी अडकलीय. डीरॅम लागून राहिला म्हणून रॅमच गेली असं नाही, रॅमपर्यंत जाणारा रस्ता प्रोसेसरमधून, त्याच्या पिनांमधून, बोर्डातून आणि स्लॉटमधून जातो आणि यातलं काहीही असू शकतं. एलईडी नसतील तर छोटा बझर बोर्डावर लावून बीप मोजा. बीपचा अर्थ प्रत्येक बोर्डाचा वेगळा, मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा, ऐकीव माहितीवर नाही.

कॅबिनेट उघडल्यावर

इथून पुढे प्रत्येक वेळी प्लग काढलेला पाहिजे. बोर्डाला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात टेकवा, अंगातला स्टॅटिक तिथे उतरू दे.

पहिले पॉवरच्या वायरी. २४ पिनची मोठी वायर आणि वर डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनची वायर, दोन्ही दाबून बघा, लॉकचा हुक खरंच अडकलाय का ते डोळ्याने बघा. ८ पिनची वायर लावलीच नाही किंवा अर्धीच बसली तर पंखे फिरतात, लाइट लागतात आणि डिस्प्ले येत नाही, म्हणजे अगदी हेच लक्षण, कारण पंख्यांना वेगळीकडून करंट मिळतो आणि प्रोसेसर मात्र उपाशी. कूलर मोठा असला की ती जागा दिसत नाही आणि हात पोचत नाही, त्यामुळे नव्या असेंब्लीत हे फार होतं. प्रोसेसरची वायर ४ अधिक ४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्ही ८ पिनच्याच, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी एकमेकींच्या उलट असतात. आकार वेगळा ठेवलेला असतो म्हणून चुकीची बसत नाही, जोर लावून बसवू नका.

याच्याच शेजारी एक कळकळीची सूचना: मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी फक्त त्याच एसएमपीएसला वापरा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कुठल्याही स्टँडर्डमध्ये ठरलेली नाही, प्रत्येक कंपनी आपली वेगळी ठेवते. दुसऱ्याची वायर अगदी नीट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. हेच एक ठिकाण आहे जिथे डेटा खरंच जाऊ शकतो.

आता रॅम. आजकालच्या बऱ्याच स्लॉटला एकाच बाजूला क्लिप असते, त्या बाजूने टक् आवाज आला की आपल्याला वाटतं बसली, दुसरी बाजू एखादा मिलिमीटर वर राहिलेली असते. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, पहिल्या आणि तिसऱ्यात नाही. कारण असं की बऱ्याच बोर्डांत तार पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. शेवटचा स्लॉट रिकामा ठेवला तर तारेचं टोक मोकळं राहतं, तिथून सिग्नल आपटून मागे येतो आणि वेग जास्त असला की चुका होतात.

कॉन्टॅक्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. खोडरबरने घासायची सवय खूप जणांना आहे. त्याने कधी काम होतंही, पण सोन्याचा थर फार पातळ असतो, दर महिन्याला खोडरबर फिरवत राहिलात तर तोच निघून जातो, शिवाय रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात, हातपंपाचा ब्लोअर वापरा.

मग एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, चालू करा, वाट बघा. ती काढून दुसरी तिथेच. नंतर चालणारी स्टिक घेऊन बाकीचे स्लॉट. एखादी स्टिक सगळीकडे अडते तर स्टिक खराब. सगळ्या स्टिक एकाच स्लॉटमध्ये अडतात तर स्लॉट, किंवा प्रोसेसरखालची वाकलेली पिन, किंवा कूलरचा एकाच बाजूला जास्त बसलेला दाब, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याच्या पिनांपैकी पुष्कळ रॅमसाठीच असतात. कूलरचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे करून आवळायचे ते यासाठीच.

सीमॉस क्लिअर, आणि एक्सएमपी

हे करायच्या आधी विंडोजची बिटलॉकर रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून ठेवा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं असेल तर डिस्क एन्क्रिप्शन आपल्याला न कळता चालू झालेलं असू शकतं. मग बायोसची सेटिंग बदलली की विंडोज ४८ आकडी की मागतं. ती त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बहुतेक वेळा सापडते, मोबाइलवरून बघता येते. आधी बघून कागदावर लिहा, मगच पुढे.

प्लग काढून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा. सेल सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. मीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलून टाका. सेल उतरला म्हणून डिस्प्ले जाईलच असं नाही, पण प्लग काढल्यावर तारीख-वेळ मागे जात असेल तर बायोसची सेटिंगही दर वेळी उडतायत आणि मशीन दर वेळी वेगळ्या स्थितीत चालू होतंय, अशात फॉल्ट शोधणं म्हणजे वाळूवर रेघ मारणं.

सीमॉस क्लिअर केल्यावर डिस्प्ले आला आणि पुढचे कित्येक दिवस काहीच त्रास झाला नाही, मग तुम्ही एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम पाकिटावरच्या जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) परत चालू केलं आणि फॉल्ट परत आला, तर फॉल्ट सापडला. एक्सएमपी, एक्सपो हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, रॅमच्या पाकिटावर ६००० छापलंय म्हणजे तुमचा प्रोसेसर आणि बोर्ड ६००० वर चालतीलच असं नाही.

माझ्या भाचीच्या पीसीचं हेच झालं होतं. रायझन ७००० सिरीजचा प्रोसेसर, आधी दोन स्टिक, वर्षभराने व्हिडिओ एडिटिंगसाठी अगदी तशाच दिसणाऱ्या अजून दोन घेतल्या, चारही ६००० वर. दिवसभर मस्त चालायचा, रात्री बंद करून सकाळी लावला की दोन-तीन आठवड्यातून एकदा काळी स्क्रीन. ती फोन करायची, मामा परत तेच झालं, मी सांगायचो रॅम काढून लाव, ती लावायची, चालू व्हायचं. तीन महिने हे चाललं आणि प्रत्येक वेळी आम्हाला दोघांनाही वाटायचं की आता झालं ठीक. शेवटी शांतपणे बसून एएमडीचे अधिकृत आकडे बघितले. त्या सिरीजला दोन स्टिकवर डीडीआर५ ५२०० आणि चार स्टिकवर फक्त ३६००. म्हणजे आम्ही ३६०० च्या जागी ६००० मागत होतो, आणि तेही दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या सेटकडून. त्यात बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाची सेटिंग चालू होती. ती मागच्या ट्रेनिंगचे आकडे जपून ठेवते म्हणजे पीसी लवकर चालू होतो, पण रॅम आधीच काठावर चालत असेल तर आदल्या दिवशी गरम मशिनवर जमलेलं दुसऱ्या दिवशी थंड मशिनवर जमत नाही. स्टिक इकडच्या तिकडे झाल्या की ट्रेनिंग नव्याने व्हायचं, म्हणून चालायचं. रॅम पहिल्यापासून धडधाकट होती. चारच्या दोन मोठ्या स्टिक केल्या आणि त्यानंतर हा फॉल्ट तिथे परत आलेला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, डीडीआर५ वर शक्यतो दोनच स्टिक घ्या, एकाच सेटमधल्या. चार आधीच असतील तर वेग कमी करून चालवा, रोजच्या कामात फरक जाणवणार नाही. आणि वेग ठरवल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एक जरी एरर आली तरी ती एररच, हजारात एक म्हणून सोडून द्यायची नाही, कारण तीच एक एरर उद्या तुमच्या फाइलमध्ये लिहिली जाते.

रिसेटचं बटण

हे लहानसं आहे म्हणून पटकन: पॉवर, रिसेट, एलईडीच्या बारीक वायरी बोर्डावरून सगळ्या काढा आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून चालू करा. रिसेटचं बटण आत अडकलेलं असेल तर बोर्ड कायम रिसेटमध्येच राहतो, पंखे फिरतात आणि पुढे काहीच होत नाही.

ग्राफिक्स कार्ड

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून बोर्डाच्या पोर्टवर बघा. डिस्प्ले आला तर प्रश्न कार्डाचा, स्लॉटचा किंवा कार्डाच्या पॉवर वायरीचा. जड कार्ड एका बाजूने खाली झुकतं आणि स्लॉटच्या टोकाकडचा संपर्क सुटतो, पीसी हलवल्यावर सुरू झालेला नो डिस्प्ले बऱ्याचदा हा असतो. हाताने हलकं वर उचलून धरून चालू केल्यावर येत असेल तर खालून आधार द्या. कार्ड उभं लावायची रायझर केबल असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा. पीसीआय ३.० ची रायझर आणि ४.० चं कार्ड असेल तर दोघं ४.० वर बोलायला जातात आणि केबलला ते झेपत नाही, बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग जेन ३ करून ठेवावा लागतो. फार जुनं कार्ड नव्या बोर्डावर लावत असाल तर सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची बायोसमधली सोय) बंद असताना ते काहीच दाखवत नाही, कारण कार्डाच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचा, भागच नसतो.

नवीनच असेंबल केलाय आणि एकदाही आला नाही?

मग बायोस बघा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी असते आणि प्रत्येक प्रोसेसरसमोर कुठल्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं. बी४५० वर रायझन ५०००, बी६६० वर तेराव्या पिढीचं इंटेल, अशा जोड्या जुळतात पण बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर अपडेट लागतं. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हने प्रोसेसरशिवायही अपडेट होतं, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तसंच ठेवा आणि लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत सप्लाय बंद करू नका.

बोर्ड बाहेर काढून

इथपर्यंत येऊन काही सापडलं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, ती बाहेरून करंट वाहू देते. फक्त प्रोसेसर, कूलर, एक स्टिक, एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. एसएसडी पण काढा, खराब ड्राइव्हमुळेही कधी कधी बोर्ड सुरुवातीलाच अडकतो. कूलरशिवाय मात्र क्षणभरही चालवू नका. बाहेर चालू झालं आणि आत नाही, तर बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) चुकीच्या जागी आहे किंवा स्क्रू पडून राहिलाय आणि तो बोर्डाच्या मागे शॉर्ट करतोय. हा शॉर्ट कॅबिनेट उभं-आडवं केलं की येतो-जातो, म्हणूनच तो सापडायला जड जातो.

एसएमपीएस

थंड असताना येत नाही, सप्लाय चालू ठेवून थोडा वेळ थांबलं किंवा तीन-चार वेळा बटण दाबलं की येतो, आणि एकदा आला की दिवसभर ठीक, असं असेल आणि रॅमचा संशय मिटला असेल तर माझा पहिला अंदाज म्हातारा झालेला एसएमपीएस. आतले कॅपॅसिटर सुकले की सुरुवातीचा जोर मिळत नाही. एसएमपीएस सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदात बोर्डाला 'पॉवर गुड' सिग्नल देतो, तो वेळेवर आणि नीट आला नाही तर बोर्ड पुढे जात नाही. मीटर वापरता येत असेल तर पीसी चालू असताना बघा: १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये, ३.३ व्होल्ट साधारण ३.१४ ते ३.४७ मध्ये हवेत. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं धरू नका. त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं, लोड आल्यावर काय करतो ते कळत नाही. खात्री करायची तर मित्राचा चांगला एसएमपीएस, त्याच्या स्वतःच्या सगळ्या वायरींसकट, लावून बघणं हाच सरळ मार्ग.

कुठे थांबायचं

एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट राहू शकतात, जीव जाऊ शकतो. तो बदलायचा असतो, घरी दुरुस्त करायचा नसतो.

जळका वास आला, धूर दिसला, कॅपॅसिटर फुगलेला दिसला, वायरीचं टोक वितळलेलं दिसलं, लिक्विड कूलरमधून पाणी गळलं, तर परत एकदा चालू करून बघू असं करू नका, प्लग काढून तिथेच थांबा. कॅबिनेटला हात लावल्यावर करंट जाणवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, पीसी नंतर.

प्रोसेसर काढण्याची वेळ आली तर स्वतःला नीट विचारा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून कूलर आधी डावी-उजवीकडे हलका पिळायचा आणि मग उचलायचा. इंटेलच्या नव्या सॉकेटमध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, केसापेक्षा फार जाड नाहीत, एक वाकली की ती सरळ करण्याच्या नादात शेजारच्या अजून चार वाकतात. वाकलेली पिन दिसली की मी स्वतः हात लावत नाही, भिंगाखाली काम करणाऱ्या माणसाकडे देतो. वॉरंटीत असलेल्या वस्तूचंही तेच, काहीही करण्याआधी फोटो काढा आणि कंपनीकडे द्या.

आणि वरचं सगळं झालं पण लावून बघायला दुसरा प्रोसेसर, दुसरा बोर्ड घरात नाही, तर फक्त अंदाजावर नवीन पार्ट विकत घेऊ नका, टेक्निशियनकडे असे चालू पार्ट तपासायला ठेवलेलेच असतात. नेताना ती कागदावरची नोंद सोबत न्या: कुठल्या तारखेला फॉल्ट आला, मशीन थंड होतं की गरम, कुठला एलईडी लागून राहिला, काय केल्यावर चालू झालं, आणि कुठल्या स्लॉटमध्ये कुठली स्टिक होती. त्याच्या टेबलावर तुमचा पीसी पहिल्या फटक्यात चालू होण्याची शक्यता खूप आहे, अशा वेळी त्याच्याकडे तपासायला तेवढा एक कागदच असतो.